२० किलोव्होल्टच्या पल्स सर्किटमध्ये सिरॅमिक कपॅसिटर तापून फुटतात. जास्त डायइलेक्ट्रिक स्थिरांकाचे घेऊ का?

नका घेऊ. उलट कमी स्थिरांकाचे घ्या (हा स्थिरांक म्हणजे कपॅसिटरमधला पदार्थ विद्युतक्षेत्रात किती भार साठवू देतो त्याचं माप). मीही सुरुवातीला हीच चूक केली होती आणि डझनभर डिस्क फोडल्या होत्या.

तुम्ही लिहिलंय की १ नॅनोफॅरडच्या निळ्या डिस्क आहेत, सेकंदाला हजार पल्स आहेत आणि दहा मिनिटांत पल्स मलूल होतो. या स्वस्त डिस्क बहुतेक बेरियम टायटनेटच्या असतात. शुद्ध बेरियम टायटनेटमध्ये साधारण १२० अंश सेल्सिअसखाली टायटॅनियमचा आयन स्फटिकाच्या प्रत्येक एकक पेशीच्या (सर्वांत लहान घटकाच्या) मध्यापासून सरकलेला असतो. असे एकाच दिशेला कललेले भाग, म्हणजे डोमेन, प्रत्येक पल्सला वळवावे लागतात. स्थिरांक हजारांत जातो तो यामुळेच, आणि उष्णताही यातूनच निघते.

हिशेब करून बघा. १ नॅनोफॅरड २० किलोव्होल्टला ०.२ जूल साठवतो, म्हणजे हजार पल्सना डिस्कमधून २०० वॅट जातात. लॉस, म्हणजे उष्णतेत वाया जाणारा भाग, २ टक्के धरला तरी त्या एवढ्याशा चकतीत ४ वॅट मुरतात. डिस्चार्जला रिंगिंग (व्होल्टेजचं मागे-पुढे हेलकावणं) असेल तर प्रत्येक झोक्याला आणखी भर. शिवाय विद्युतक्षेत्राबरोबर स्फटिक किंचित ताणला जातो, त्यामुळे सेकंदाला हजार दणके बसतात आणि तडे जातात.

दुसरी गोष्ट, डिस्कवर छापलेली क्षमता साधारण १ व्होल्टला मोजलेली असते. व्होल्टेज चढलं की डोमेन वळून संपतात आणि क्षमता घसरते. स्वतः तपासा: डिस्क १० किलोव्होल्टला चार्ज करून उच्च व्होल्टेजला चालणाऱ्या रोधकातून १० मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरमध्ये रिकामी करा. क्षमता खरोखर १ नॅनोफॅरड असेल तर फिल्मवर १ व्होल्ट दिसेल. ०.६ दिसला, तर तुमच्या हातात ०.६ नॅनोफॅरडच आहे.

स्ट्रॉन्शियम टायटनेटचे डोअरनॉब कपॅसिटर (दाराच्या मुठीसारखे जाड, उच्च व्होल्टेजचे) मागवा. खोलीच्या तापमानाला त्यात असे डोमेन नसतात. शुद्ध स्ट्रॉन्शियम टायटनेटचा स्थिरांक ३०० च्या आसपास, म्हणून आकार मोठा आणि किंमतही जास्त. पण लॉस कितीतरी कमी आणि व्होल्टेजला क्षमता बरीच टिकते. तापमानाला मात्र ती हलते: एन४७०० प्रकारात १० अंश वाढले की जवळपास ५ टक्के उतरते. तेही नको असेल तर सीझीरोजी (C0G), म्हणजे तापमानाला क्षमता जवळपास न हलणारा सिरॅमिक प्रकार. त्यात क्षमता छोटी मिळते, बरेच नग समांतर जोडावे लागतील, पण समांतर जोडल्याने इंडक्टन्सही कमी होतो आणि पल्सची चढण तीव्र होते.

फुटलेल्या डिस्क भिंगाखाली बघा. माझ्या बहुतेक कडेला गेल्या होत्या. चांदीचा लेप संपतो तिथे क्षेत्र एकवटतं, आणि तिथेच इपॉक्सीत हवेचा बुडबुडा असला तर आतल्या आत ठिणग्या पडून सिरॅमिक कुरतडलं जातं. इपॉक्सी व्हॅक्यूममध्ये ओतलेले नग घ्या किंवा सगळी बँक (एकत्र जोडलेले कपॅसिटर) ट्रान्सफॉर्मर तेलात बुडवा. पाय वाकवताना मुळाशी ताण देऊ नका.

बंद केल्यावर रोधकातून डिस्चार्ज करा आणि दोन्ही टोकं तारेने जोडलेलीच ठेवा. सिरॅमिकमध्ये अडकलेला भार काही मिनिटांनी पुन्हा टोकांवर येतो.