वाचकांचे प्रश्न : रात्रीची लाइन अन् रात्रीचं विमान

(कार्गो म्हणजे मालवाहू विमानाच्या नोकरीवर या वेळी तीन पत्रं आली. उत्तर देणारे 11 वर्षं कार्गो उडवून आता काटोलजवळ संत्र्याच्या बागेत रमलेत.)

प्रश्न : साहेब नमस्कार. आमचं गाव दारव्हा तालुक्यात. पोट्ट्याले पायलट करासाठी चार एकर विकलं, वरून बँकेचं कर्ज. दोन वर्षं झाले कार्गो कंपनीत को-पायलट आहे, पगार टायमावर येते. आता म्हणते सोडतो. यंदा पोळ्याले आला, बैलाले झूल टाकता टाकता बाजेवर आडवा झाला, तोरण तुटलं तरी उठला नाही. विचारलं त म्हणते, बाबा तुम्हाले नाही समजणार. काय करू? — एक बाप

उत्तर : भाऊ, तो म्हणतो तुम्हाले नाही समजणार, पण अख्ख्या गावात कोणाला समजंल तर ते तुम्हालाच. तुमच्या शेताच्या फिडरवर लाइन, म्हणजे वीज, कशी येते? एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. हरभऱ्याला ओलीत करायला रात्री एकला टॉर्च घेऊन निघायचं, थंडीत दांड फोडायचे, अन् पुढच्या आठवड्यात पुन्हा दिवसाचं. नुसती रात्रपाळी असती तर एखाद वेळ अंगवळणी पडली असती, पण ही अदलाबदल माणसाला खाते. त्यातही सगळ्यात वाईट रात्र कोणती, तर लाइन येणार म्हणून जागलात अन् आलीच नाही ती. पोराचं तेच होऊन राहिलं. दहाला विमानतळावर पोचला, माल आला नाही, मंग मालाचं पॅलेट (माल बांधलेली फळी) चुकीचं चढलं, ते उतरवा, वजनाचा कागद पुन्हा बनवा, अन् उडता उडता वाजले तीन. पहाटे दोन ते सहा शरीर सगळ्यात ढिलं पडते आणि नेमकं तेव्हाच त्याला उतरायचं असते.

मग हॉटेल. दिवसा झोपायचं म्हणजे काय ते सांगतो. पडद्याची फट हँगरच्या चिमट्यांनी बंद करायची, दाराखाली टॉवेल कोंबायचा, टीव्हीचा लाल लाइट टेपने झाकायचा, अन् डोळा लागला की हाउसकीपिंगवाला बेल मारतो. मी एकदा घरीच आहे समजून त्याला "दूध ठेवून दे" म्हणालो होतो.

हे लाड नाहीत भाऊ. 14 ऑगस्ट 2013 ला अमेरिकेत बर्मिंगहॅमला एक कार्गो विमान पहाटेच्या अंधारात धावपट्टीआधीच टेकडीला लागलं, दोन्ही पायलट गेले. चुका उतरतानाच्या होत्या, पण चौकशीत थकवाही निघाला, आणि कॉकपिटच्या रेकॉर्डरवर ते दोघं आरामाच्या नियमांबद्दलच बोलताना सापडले. तिथं 2014 च्या जानेवारीत आरामाचे नवे कडक नियम लागू झाले ते प्रवासी विमानांना, कार्गोला त्यातून बाहेर ठेवलं. खोक्यांना झोप लागत नाही ना! आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे विमानांचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, 2025 पासून नियम आवळले, आठवड्याची सुट्टी 36 वरून 48 तास, रात्र सकाळी सहापर्यंत धरायची, रात्रीत दोनच लँडिंग. ते अंगावर आले तेव्हा डिसेंबरात एका मोठ्या प्रवासी कंपनीची विमानं कशी धडाधड रद्द झाली ते टीव्हीवर पाहिलंच असंल.

आता कामाचं. आधी त्याला एवढंच विचारा की रात्र नको आहे का रात्रीचा भरवसा नाही ते नको आहे, कारण रात्र नको असंल तर कार्गोत राहून उपाय नाही. दुसरं, लॉगबुकात तास किती झाले? 1500 झाले तर मोठं लायसन म्हणजे एटीपीएल मिळू शकते, त्याच्या अलीकडे सोडणं म्हणजे कापूस वेचणीला आला अन् शेत सोडून दिलं. तिसरं, तो बोइंग 737 वर असंल तर सामान असो का माणसं, रेटिंग (त्या जातीचं विमान उडवायची परवानगी) तेच, प्रवासी कंपनीत चालते. 757 वर असंल तर दुसरं रेटिंग करावं लागंल, त्याचा खर्च कोण करणार ते आधी पाहा. अन् राजीनामा देऊन दुसऱ्या दिवशी घरी असं होत नाही. 2017 पासून नियम आहे, को-पायलटला 6 महिने नोटीस, कमांडरला म्हणजे कॅप्टनला 12, कंपनीने लवकर सोडायचं एनओसी दिलं तरच आधी सुटका. म्हणून सोडायचंच असंल तर कॅप्टन व्हायच्या आधी ठरवा. ट्रेनिंगचा बाँड (इतकी वर्षं सोडणार नाही, नाहीतर पैसे भरीन असा करार) सही केला असंल तर तो कागद वकिलाकडून वाचून घ्या, पोरं तो कधी वाचत नाहीत, मीही वाचला नव्हता.

बाकी लोक हासतील तर हासू द्या. पुढच्या खेपेला आला की मागच्या खोलीच्या खिडकीला तुरीवर झाकायची काळी ताडपत्री बांधा अन् त्याला झोपू द्या.

प्रश्न : मी मूळ वर्धा जिल्ह्यातला, एका कार्गो कंपनीत रोस्टर डेस्कवर आहे, म्हणजे पायलटच्या ड्युट्या लावतो. मॅनेजमेंटने पगार वाढवला, भत्ते वाढवले, तरी पायलट जाऊनच राहिले. शिव्या मात्र आम्हाले. काऊन असं?

उत्तर : गावाकडं पाडव्याला साल बांधतात, म्हणजे वर्षभरासाठी गडी ठरवतात, ते पाहिलं असंल. सालगड्याला उचल देऊन वर्षभर अडकवता येते, पण पुढच्या पाडव्याला तो त्याच मालकाकडं राहतो का, हे उचलीवर नसते. मालक रात्री अकराला "ये रे" म्हणून उठवतो का, पोळ्याला सुट्टी देतो का, यावर असते. तुमचा बाँड म्हणजे उचल अन् नोटीस म्हणजे साल. माणूस कागदाने थांबतो, मनाने तो कधीच गेलेला असतो, सिक कॉल, म्हणजे आजारी आहो येत नाही असे फोन, वाढतात ते उगीच नाही.

आणि बाहेर ओढही आहे हे मान्य करा. 2023 मध्ये एका प्रवासी कंपनीने 500 अन् दुसरीने 470 विमानांची ऑर्डर दिली, तिथं कॅप्टनची खुर्ची लवकर दिसते, तुमच्याकडं चार-सहा विमानं, वरचा म्हातारा रिटायर होईस्तोवर बसा.

पण रात्री माल उडवणं आपल्या भागाला नवं नाही. 1949 पासून रात्रीच्या टपालाची विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासहून निघून नागपूरला भेटायची, थैल्यांची अदलाबदल झाली की पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परत. तेव्हाही रात्रच होती, पण रोजची तीच, वेळ बांधलेली. तुम्ही पायलटला रात्री नऊला फोन करून "सर, थोडा अर्ली रिपोर्ट" म्हणता ना, तो फोन महिन्यात किती वेळा गेला ते एकदा मोजा, अन् राजीनामे दिलेल्यांच्या नावापुढं तो आकडा लिहून साहेबाच्या टेबलावर ठेवा. शिव्या तुम्हाला नसतात हो, फोन तुमच्या नंबरवरून येतो एवढंच.

प्रश्न : मी गोंदियाची. इथल्या बिरसी विमानतळावर ट्रेनिंगची विमानं पाहत मोठी झाली, आता माझं 200 तासांचं सीपीएल (पायलटची नोकरी करायचं लायसन) झालं. कार्गोचा इंटरव्ह्यू आला आहे. आई म्हणते रात्रीची नोकरी पोरीनं काऊन करा?

उत्तर : जा. पहिली नोकरी पायलटला सहज मिळत नाही, आलेली सोडू नको. रात्रीचं हवामान, रिकामं आकाश, धडाधड शिकायला मिळतं, मला तरी प्रवासी सेवेपेक्षा तेच आवडायचं. फक्त एचआरला विचारू नको, ते गोडच बोलतात. पार्किंगमध्ये एखादा को-पायलट सकाळी ड्युटी संपवून गाडीची वाट पाहत असंल, त्याला विचार, रोस्टर किती दिवस आधी येते अन् आल्यावर कितीदा बदलते? तो लगेच हसला तर सही करायच्या आधी अजून दोघांना विचार. आईला सांग, रात्री बारा वाजता विमानतळावर जितका उजेड असतो तितका आपल्या एसटी स्टँडवर दिवसाही नसतो.