नोकरी सोडून ‘लोकम’ करून बघू का?

प्रश्न : मी पशुवैद्यक आहे, वय 44. शिरवळच्या कॉलेजातून पदवी घेतल्यापासून कुत्र्या-मांजरांचीच प्रॅक्टिस करतेय. त्यातली शेवटची नऊ वर्षं एका मोठ्या पेट हॉस्पिटलमध्ये. पगार 90 हजार. काम आवडतं, पण आठवड्याचे सहा दिवस आणि वर रात्रीचे कॉल आता झेपत नाहीत. मुलगी दहावीत गेलीय. राहायला कोथरूडला. नोकरी सोडून आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्यांच्या क्लिनिकमध्ये लोकम करावं, म्हणजे तिथले डॉक्टर नसताना त्यांच्या जागी दिवसाच्या पैशांवर काम करावं, असं डोक्यात आहे. मिस्टर म्हणतात, ‘एवढं शिकून आता रोजंदारीवर जाणार?’ करून बघू का? आणि किती पैसे मागू?

डॉक्टर, नमस्कार.

आधी मिस्टरांचं बघू. पुण्यात आजही बरेचसे दवाखाने एकाच डॉक्टरच्या जिवावर चालतात. त्या डॉक्टरला मुलाच्या लग्नासाठी, स्वतःच्या ऑपरेशनसाठी, नाहीतर नुसतं आठ दिवस गावी जायचं असेल तर दवाखाना कोणाच्या भरवशावर सोडणार? कालच पास झालेल्या मुलाच्या नक्कीच नाही. हॉस्पिटलात अडलं की शेजारच्या खोलीत विचारायला कोणीतरी असतं, लोकमला ते नसतं. म्हणून हे काम अनुभवी माणसाचंच आहे. दिवसाच्या हिशोबाने पैसे मिळतात हे खरं, पण तसे ते वकिलालाही तारखेच्या हिशोबाने मिळतात.

आता थोडं खटकेल असं विचारते. तुम्हीच लिहिलंय की काम आवडतं. नको झालेत ते सहा दिवस आणि रात्री. मग ‘मला तीन दिवस द्या, रात्रपाळी काढा’ असं तुमच्याच हॉस्पिटलला एकदा विचारलंत का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, त्यावरून विचारलं नसावं असं वाटतं. तुमच्याइतका अनुभव असलेला डॉक्टर सहज मिळत नाही, हे तिथल्या व्यवस्थापनालाही कळतं. अर्ध्या वेळेला ‘हो’ म्हणाले तर पेशंट तेच, स्टाफ तोच, पीएफ चालू. ‘नाही’ म्हणाले तर निदान राजीनामा डोळसपणे दिला जाईल.

‘सुट्टीच्या दिवशी बाहेर एक-दोनदा जाऊन बघते’ असा बेत असेल, तर आधी नेमणूकपत्र काढून वाचा. नोकरीत असताना बाहेर काम करायचं नाही हे कलम बहुतेक पत्रांत असतं आणि ते तुम्हाला लागू होतं. परवानगी मागा, तीही लेखी. नोकरी सोडल्यानंतर अमुक वर्षं, अमुक किलोमीटरच्या आत काम करणार नाही, असं लिहून घेतलं असेल तर मात्र फार घाबरू नका. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 मुळे असं बंधन सहसा टिकत नाही. हॉस्पिटलच्या पेशंटचे फोन नंबर सोबत नेणं ही निराळी गोष्ट, ते करू नका.

पैशांचं गणित सगळे एकाच ठिकाणी चुकतात. 90 हजार भागिले 26, म्हणजे दिवसाचे साधारण 3,460, आणि तोच दर सांगून मोकळे होतात. तुम्ही वर्षाकडे बघा. आजारपण, परीक्षा, लग्नकार्यं, कोणी बोलावलंच नाही असे आठवडे वजा करून 44 आठवडे धरा. आठवड्याला तीनप्रमाणे 132 दिवस. अर्ध्या कामाला अर्धं उत्पन्न हवं असेल तर 5 लाख 40 हजार भागिले 132, म्हणजे दिवसाला 4,090. पीएफ, भरपगारी रजा, विमा आणि पेट्रोल यात अजून आलेलंच नाही. तेव्हा याच्या खाली ऐकू नका, आणि मोठ्या शस्त्रक्रियेचे पैसे वेगळे ठरवा. आदल्या रात्री ‘मॅडम, उद्या नका येऊ, माझं जाणं रद्द झालं’ असा फोन आला तर निम्मे पैसे द्यायचे, हेही आधीच बोलून ठेवा. फी म्हणून एका ठिकाणाहून वर्षाला 50,000 च्या वर मिळाले की दहा टक्के टीडीएस कापला जाऊ शकतो. तो कापणारा दवाखाना बरा समजा, कागद नीट ठेवतो असा अर्थ.

दराइतकंच महत्त्व दुपारला आहे. आपल्याकडे क्लिनिक सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ. वाघोलीतलं काम घेतलंत तर मधले चार तास करणार काय? कोथरूडला जाऊन परत जायचं म्हटलं तर दोन वेळा ट्रॅफिक, तिथेच थांबायचं तर प्लास्टिकच्या खुर्चीवर डुलक्या. मुलीसाठी वेळ काढायला निघालात आणि दिवस बाराला बारा तास बाहेर गेला. म्हणून सलग वेळ मागा, किंवा एकच सेशन घ्या. वनाज–रामवाडी मेट्रोच्या पट्ट्यात कल्याणीनगरपर्यंत निभेल. त्यापुढे घाई करू नका.

आता प्रत्यक्ष कामाचं. तुमचा हात चांगला आहे हे मी गृहीत धरते. लोकममध्ये अडचण येते ती दुसऱ्याच्या घरात काम करण्याची. पहिल्या दिवशी अर्धा तास आधी जा आणि इमर्जन्सी ट्रे स्वतः उघडून बघा. ॲड्रेनालीनची मुदत संपलेली नाही ना, एंडोट्रॅकियल ट्यूब (श्वासनलिकेत घालायच्या नळ्या) सगळ्या मापांच्या आहेत ना, ऑक्सिजन सिलिंडरचा काटा कुठे आहे. केटामाईन हे भुलीचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक हिशोब ठेवायच्या औषधांच्या यादीत येतं. त्याची किल्ली कोणाकडे आणि रजिस्टर कोण लिहितं, हे विचारल्याशिवाय त्या कपाटाला हात लावू नका.

समजा, मालक डॉक्टर कोकणात गेलेत. रात्री साडेआठला पोट टम्म फुगलेला सेंट बर्नार्ड आला. उलटीचा प्रयत्न करतोय, बाहेर काहीच पडत नाही. जठराला पीळ पडलाय हे निदान तुम्ही दारातच कराल. पण मदतीला एकच पोरगा, तोही नवा. भूल कोण सांभाळणार? अशा वेळी कुठे पाठवायचं, ते दुपारी चहा पितानाच ठरलेलं असायला हवं. म्हणून जाण्याआधी मालकाला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा : ओपीडी, लसीकरण, सलाईन, ड्रेसिंग, टिक फिव्हरचे (गोचीड-तापाचे) पेशंट बघेन, एकटीच्या बळावर पोटाची शस्त्रक्रिया करणार नाही. आणि त्यांचं उत्तर आल्याशिवाय तारीख पक्की करू नका.

दुसरं, पाठपुरावा. शनिवारी लघवी अडलेल्या बोक्याला तुम्ही कॅथेटर घातलंत. सोमवारी तुम्ही तिथे नाही. रविवारी तो कोण बघणार? रोज निघताना प्रत्येक दाखल पेशंटचं दोन ओळींत लिहून द्या. व्हॉइस नोट नको, ती कोणी ऐकत नाही. प्रिस्क्रिप्शनवर स्वतःचं नाव आणि नोंदणी क्रमांक घाला, लेटरहेड मालकाचं असलं तरी. उद्या कोणी ग्राहक आयोगात गेलं तर तुम्हालाही उत्तर द्यावं लागेल. त्यासाठी व्यावसायिक दायित्वाचा विमा स्वतःच्या नावाने घ्या. हॉस्पिटलचा ग्रुप मेडिक्लेम सुटेल, तर आरोग्य आणि अपघात विमाही राजीनाम्याच्या आधी सुरू झालेला बरा. चावे तिथेही बसणारच; रेबीजचं टायटर (लसीचं संरक्षण किती उरलंय ते सांगणारी रक्ततपासणी) कधी बघितलंय?

जुन्या फाइलमध्ये अँटिबायोटिकचा अर्धाच डोस दिसेल. पेशंटच्या मालकासमोर भुवईसुद्धा उंचावू नका, डॉक्टरांना फोन करा. आणि ‘मॅडम, तुमचा नंबर द्या ना, पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतो’ असं कोणी म्हणालं, तर हसून क्लिनिकचाच नंबर द्या. तुम्ही कोणाचा नंबर दिलात ही बातमी दोन दिवसांत अख्ख्या पुण्यातल्या डॉक्टरांत फिरते, चांगली असो की वाईट.

एक गोष्ट मात्र तुमची तुम्हालाच तपासावी लागेल. नऊ वर्षं तुम्ही पिल्लाच्या पहिल्या लसीपासून त्याच्या म्हातारपणापर्यंत सोबत केलीत. लोकममध्ये पार्व्होचं (जीवघेण्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचं) पिल्लू सलाईनवर ठेवून निघायचं, आणि ते वाचलं की नाही हे कधी कळतं, कधी नाही. काहींना यात सुटल्यासारखं वाटतं. काहींना महिनाभरात रितं वाटायला लागतं, ते पुन्हा नोकरी शोधतात. तुम्ही कुठल्या गटातल्या हे मला पत्रावरून सांगता येत नाही. म्हणून पहिले तीन महिने दोनच क्लिनिक धरा, आलटून पालटून तीच. पाच ठिकाणी हिंडलात तर कंटाळा लोकमचा आलाय की हिंडण्याचा, हेच कळणार नाही.

कामं मिळवायला जाहिरात नको. बॅचमेट आहेतच, शिवाय औषध कंपन्यांच्या एमआरच्या (विक्री प्रतिनिधींच्या) कानावर घाला. कोण कधी रजेवर जातोय हे त्यांना आधी कळतं. मागणी मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत सर्वांत जास्त. मुलीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपेल, म्हणजे तुमची वेळ आपोआप जुळतेय. तोवर हॉस्पिटलशी बोलणं उरकून घ्या, नोटिशीचा काळ मोजा आणि पाच-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाका. पशुवैद्यक परिषदेची नोंदणी कधीपर्यंत आहे तेही आजच बघा. संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज नागपूरला आधी जाऊ दे, राजीनामा नंतर.