वीस वर्षं माळ्यावर पडून राहिलेल्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट पुन्हा चालू होतील का?

फोंड्याच्या घरी माळ्यावर टीव्ही गेमच्या पिवळ्या कॅसेट आणि एक गेम बॉयची (निन्टेन्डो कंपनीच्या हातात धरून खेळायच्या मशीनची) कॅसेट सापडली, लावून पाहिलं तर एकही चालत नाही, टाकून द्यायच्या का, असं तुम्ही विचारलंय. मुळीच टाकू नका. गेम चिपमध्ये कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो आणि ती चिप सहसा मरत नाही. आपल्या गोव्यात खराब होतात त्या कॅसेटच्या खालच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे पिना. चार महिन्यांचा पाऊस आणि वर खारी हवा, त्यामुळे तांब्याची घागर कळकते तशा त्या कळकतात.

आधी बिघाड ओळखा. पिवळ्या कॅसेटला ६० पिना असतात; गेम चालवणाऱ्या पिना वेगळ्या, चित्रांच्या वेगळ्या. म्हणून संगीत वाजतंय, उडीचा आवाज येतोय, पण पडद्यावर नुसते विस्कटलेले ठोकळे दिसतात, तेव्हा बहुधा चित्रांकडच्या पिनाच मळलेल्या असतात. गेम बॉयच्या ३२ पिना. सुरू करताना वरून उतरणारं निन्टेन्डोचं नाव तो कॅसेटमधूनच वाचतो आणि स्वतःकडच्या नमुन्याशी ताडून बघतो. नावाच्या जागी काळा पट्टा आला आणि तिथेच अडकला, तर पिना नीट टेकत नाहीत असं समजा.

पिवळ्या कॅसेटचं कवच बहुतेकदा खाचांवर बसवलेलं असतं, गिटारच्या पिकने हळूहळू उचला. गेम बॉयच्या कॅसेटला ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), ९९ टक्क्यांचं, थोडं आणा. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. कापसाची काडी त्यात बुडवून पट्टीच्या लांबीच्या दिशेने फिरवा. पहिली काडी काळी-हिरवी निघेल, दुसरी राखाडी. काडी पांढरी निघेपर्यंत थांबू नका. माझ्या एका कॅसेटला अकरा काड्या लागल्या. हट्टी डागावर पांढरं मऊ खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवा. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, कोकम यांतलं काहीही लावू नका. भांडी त्याने लखलखतात, पण इथला मुलामा इतका पातळ असतो की एकदा गेला की उघडं तांबं पुढच्या पावसाळ्यात आणखी वेगाने कळकेल. मशीनची खाचही पुसा, नाहीतर साफ कॅसेट पुन्हा मळेल.

आणि फुंकर मारू नका. आपण सगळेच लहानपणी मारायचो. गेम चालायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. फुंकरीने फक्त तोंडातला ओलावा पिनांवर बसतो.

गेम बॉयच्या कॅसेटबद्दल मात्र कळकळीने सांगतो. पोकेमॉनसारख्या गेममध्ये खेळाची नोंद ३ व्होल्टच्या बटन सेलवर टिकून असते. सेल निघाला की नोंद गेली. माझा मामा बोटीवर होता, त्याने आणलेल्या पोकेमॉन रेडचा सेल मी सरळ उपटला. नवा सेल बसला, गेम आजही चालतो, पण मामाने बोटीवर रात्री जागून जमवलेलं सगळं पुसलं गेलं. अजून वाईट वाटतं. त्यामुळे आधी यूएसबीला जोडायच्या कॅसेट रीडरने नोंद कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मगच जुन्या सेलवर छापलेला नंबर बघून तोच, सोल्डर करायला पत्र्याच्या पट्ट्या जोडलेला सेल आणा. साध्या सेलवर थेट सोल्डर करू नका, तापून फुटू शकतो.

एवढं करूनही चाललं नाही तर मल्टिमीटर घ्या आणि प्रत्येक पट्टीपासून चिपच्या पायापर्यंत बीप येतो का बघा. जिथे येत नाही तिथे बोर्डावरची तांब्याची रेघ तुटलीय. बारीक तार सोल्डर केली की जोडली जाते. पिवळ्या कॅसेटमध्ये चिपच्या जागी काळा डांबरासारखा थेंब असेल, तर त्याच्या आतलं काही दुरुस्त होत नाही, पण मी तरी थेंबापर्यंत पोचण्याआधी मळ आणि सुटलेला सोल्डरचा डाग दोन्ही तपासतो.

चालू झाल्या की माळ्यावर परत ठेवू नका. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या चार पुड्या. मी त्या दर मे महिन्यात बदलतो.