मैत्रिणी रूमवर राहायला येतायत म्हणून

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू विचारलंस की लाँग वीकेंडला शाळेतल्या तिघी मैत्रिणी तुझ्या डॉर्ममध्ये राहायला येतायत, तर त्यांना किती दिवस राहणार असं विचारलेलं आपल्यात चालतं का आणि स्वतःचा बेड द्यावाच लागतो का. मी तेव्हा गाडी चालवत होते, नुसतं हो हो केलं, म्हणून आता नीट लिहितेय.

"कधी जाणार" असं मराठी घरात तोंडावर विचारत नाहीत हे खरंय. पण माहिती तर सगळ्यांनाच हवी असते! मग "परतीचं तिकीट काढलंस ना गं, कन्फर्म झालं का?" असं अगदी काळजीने विचारायचं. तुझी आजी यात एक्स्पर्ट आहे. एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ही म्हण आपलीच आहे, तेव्हा आपल्याला पाहुण्यांचा कंटाळा येत नाही असं काही नाही, फक्त तो दाखवायचा नसतो.

मी हॉस्टेलला असताना रूमवर चोरून राहणाऱ्यांना पॅरासाइट म्हणायचे, प्रेमानेच. माझी एक मैत्रीण परीक्षेसाठी दोन दिवस म्हणून आली ती आठ दिवस राहिली. मी ऐटीत माझी गादी तिला खाली घालून दिली, स्वतः कॉटच्या फळीवर सतरंजी टाकून झोपले, वर रोज आग्रह, राहा गं अजून, काय घाई आहे. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर गरम पाण्याच्या लाइनीत माझी रूममेट हातात नुसता मग घेऊन उभी, कारण तिची बादली पाहुणीने नेलेली. चिडली नाही ती. एवढंच म्हणाली, "तुझी मैत्रीण छान आहे गं, पण तिला राहा म्हणताना मला कधी विचारलंस?" मला काय बोलावं सुचेना. गादी माझी दिली होती ते ठीक, पण रूम अर्धी तिची होती ना, आणि मी तिच्या वाटणीचाही आग्रह करून बसले होते.

म्हणून आधी तुझ्या रूममेटला विचार. विचार म्हणतेय, सांग नाही! ती नको म्हणाली तर तोंड पाडू नकोस. आणि डॉर्मचा नियम बघ, बऱ्याच ठिकाणी सलग किती रात्री पाहुणा ठेवता येतो त्याला लिमिट असते आणि खाली नाव नोंदवावं लागतं. आमच्यासारखा चोरटेपणा करू नकोस, सापडलीस तर भोगावं तुलाच लागेल.

बेडचं म्हणशील तर तिघींना एक बेड देऊन भांडणं कशाला लावतेस, सगळ्याच खाली झोपा. आल्या आल्या पाणी मात्र न विचारता दे, आणि चहा केलास तर सरळ कप हातात ठेव, "घेणार का?" विचारलं की आपली माणसं संकोचाने नको म्हणतात आणि मग मनात ठेवतात. जाताना त्यातली मराठी मैत्रीण "येते गं" म्हणेल. ती निघालीच आहे, परत बॅग उघडायला लावू नकोस.

एअर मॅट्रेस हवी असेल तर गुरुवारपर्यंत कळव, बाबा तिकडे येणारेत. पंप काही सापडत नाहीये, तोंडाने फुगवावी लागेल.

तुझी
आई