तपासणी केली तर कुणाला कळेल?

समुपदेशनाच्या कामात एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो. “एचआयव्हीची तपासणी करून घ्यायला हवी हे पटतं, पण कुणाला कळलं तर?” हा प्रश्न विचारणाऱ्याला आजारापेक्षा माणसांची धास्ती अधिक असते, त्यामुळे “तपासणी सोपी आहे, घाबरू नका” एवढ्याने त्याचे समाधान होत नाही आणि होऊही नये. त्याचे उत्तर मी एका स्त्रीच्या अनुभवातून मांडते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या पस्तिशीच्या आसपासच्या, विवाहित आणि नोकरी करणाऱ्या होत्या. झोप लागत नाही, चिडचिड होते, कामात लक्ष राहत नाही, अशा तक्रारी घेऊन त्या माझ्याकडे आल्या. पूर्वीच्या आजारपणांची चौकशी करताना त्यांनी सांगितले की, साधारण दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीच्या एका बाजूला नागीण उठली होती. तरुण वयात नागीण उठणे हे कधीकधी प्रतिकारशक्ती खालावल्याचे लक्षण असू शकते, म्हणून डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर एचआयव्हीची तपासणीही लिहून दिली होती. यादीतील बाकीची प्रत्येक तपासणी त्यांनी केली. ही एक तेवढी राहिली, आणि ती राहिली म्हणून त्या डॉक्टरांकडे पुन्हा गेल्याच नाहीत. तो कागद अजून त्यांच्या पर्समध्ये होता. चार घड्या घातलेला, घड्यांवर विरत आलेला. त्यांना तो टाकून देता आला नव्हता आणि घेऊन जाताही आले नव्हते.

“उद्याच जा” असे मी त्यांना म्हटले नाही. कागद दोन वर्षे जपून ठेवणाऱ्या व्यक्तीला तपासणीचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नसते. या आजाराविषयी त्यांनी स्वतः काय पाहिले आहे, एवढेच मी विचारले.

त्यांनी मावशीची हकीकत सांगितली. त्या लहान असताना मावशी आजारी होऊन काही महिने त्यांच्या घरी राहिली होती. तिच्या पाण्याच्या पेल्याच्या काठाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेला होता, म्हणजे तो चुकून दुसऱ्या कुणी उचलू नये. मुलांना कारण सांगितलेले नव्हते, तरी त्या पेल्याला हात लावायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. मावशी गेल्यावर तिची गादी, कपडे आणि तो पेला घराबाहेर नेण्यात आले आणि त्यानंतर तिचे नाव घरात फारसे निघाले नाही. एवढे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मॅडम, मरणाचं नाही हो एवढं. पण माझाही पेला वेगळा होईल.”

त्यांच्या मनातला एचआयव्ही उपचारांच्या आधीच्या काळातला होता. विषाणूला रोखून धरणारी संयुक्त औषधयोजना १९९६ च्या सुमारास प्रचारात आली, पण ती जगभरातल्या सामान्य रुग्णांपर्यंत पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली. मावशीपर्यंत ती पोहोचली नाही. आज बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते, आणि लवकर निदान होऊन उपचार नियमित राहिले तर आयुर्मान जवळपास इतरांइतकेच असते. ही माहिती मी त्यांना दिली. त्यांनी ती ऐकली, मान डोलावली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीही बदलले नाही. त्यांचा प्रश्न औषधाविषयीचा नव्हता, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही.

मग मी त्यांना एक काम दिले. “कळेल म्हणजे नेमकं कुणाला, ते लिहा. ‘लोक’ असं लिहू नका, माणसं लिहा.” त्यांनी बराच वेळ घेऊन चार जणांची नोंद केली: तपासणी केंद्रात नाव लिहून घेणारी व्यक्ती, प्रयोगशाळेत कामाला असलेली एका सहकाऱ्याची बहीण, नवरा आणि सासूबाई. ‘लोक’ या भीतीला काठ नसतो. चार माणसांविषयी मात्र एकेक करून बोलता येते आणि त्यातल्या दोघांची तरी सोय लावता येते.

या यादीवरून पुढची गोष्ट स्पष्ट झाली, आणि माझ्या मते साऱ्या भीतीची गाठ तिथेच असते. तपासणी करणे, उपचार घेणे आणि कुणाला सांगणे हे तीन वेगवेगळे निर्णय आहेत. भ्यालेला माणूस त्यांची एकच मोट बांधतो. तपासणी केली की अहवाल येणार, अहवाल आला की घरी सांगावे लागणार, सांगितले की पेला वेगळा होणार, अशी साखळी मनात तयार होते आणि तिचे शेवटचे टोक असह्य म्हणून पहिलेही टाळले जाते. तपासणी केल्याने सासूबाईंना सांगण्याचे कोणतेही बंधन त्यांच्यावर येत नव्हते. नवऱ्याशी मात्र कधीतरी बोलावे लागेल, कारण त्याच्या आरोग्याचाही प्रश्न आहे, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले. ते लपवून त्यांना तपासणीला नेणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. पण तेही अहवालानंतर, तयारी करून आणि हवे असल्यास माझ्या उपस्थितीत करता येण्यासारखे होते.

यादीतल्या पहिल्या दोघांचा प्रश्न व्यवहाराचा होता. तपासणीपूर्वी व्यक्तीची संमती, माहितीची गोपनीयता, समुपदेशन, अचूक निदान आणि पुढील उपचारांशी जोडून देणे ही पाच तत्त्वे जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्ही तपासणीसाठी घालून दिली आहेत. संघटनेने २०१६ पासून स्वतःच्या स्वतः करण्याच्या चाचणीचीही शिफारस केली आहे. तिचा निष्कर्ष ‘प्रतिक्रियाशील’, म्हणजे संसर्गाची शक्यता दाखवणारा, आला तर ते अंतिम निदान मानत नाहीत, केंद्रात जाऊन खात्री करून घ्यावी लागते. ओळखीचे कुणी नसेल असे केंद्र निवडता येते. या बाईंनी असे ठिकाण निवडले जिथे रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि एचआयव्ही यांची तपासणी एकाच खोलीत होत होती. दाराबाहेर बसलेली व्यक्ती कशासाठी आली आहे हे तिथे कुणालाच समजले नसते.

इथे आम्हा आरोग्यक्षेत्रातल्या लोकांविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. वेगळ्या रंगाची फाइल, वेगळा दरवाजा, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलेले नाव, एकाच रुग्णासाठी घातलेले हातमोज्यांचे दोन जोड, यांतून रुग्णाची गोष्ट न बोलताही जाहीर होते. स्पर्शाने, एकत्र जेवल्याने, एकाच पेल्यातून पाणी प्यायल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही पसरत नाही हे ज्यांना सर्वांत आधी ठाऊक असायला हवे, त्यांच्याच वागण्यातून उलटा संदेश जातो, तेव्हा घरच्यांना दोष द्यायला आपल्याला तोंड उरत नाही. लाज वाटली म्हणून माणसे तपासणीला येत नाहीत असे आपण म्हणतो. ती लाज काही अंशी आमच्या रांगांनी तयार केलेली असते.

त्यांचा अहवाल पॉझिटिव्ह आला. एका चाचणीवर निदान ठरवत नाहीत. वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री करूनच ते सांगितले जाते, आणि तसेच झाले. सीडी४ पेशी, म्हणजे हा विषाणू ज्यांच्यावर हल्ला करतो त्या रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, २०० च्या खाली गेलेल्या नव्हत्या, म्हणजे आजार प्रगत अवस्थेला पोहोचलेला नव्हता. उपचार त्याच आठवड्यात सुरू झाले. सीडी४ पेशी अमुक इतक्या कमी होईपर्यंत थांबण्याची पूर्वीची पद्धत आता राहिलेली नाही. २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी आहे की, निदान झालेल्या प्रत्येकाला सीडी४ कितीही असले तरी उपचार द्यावेत.

“हे मला कुठून आलं असेल?” हा त्यांचा पहिला प्रश्न होता. आम्ही त्यावर बोललो, पण उत्तर मिळाले नाही, आणि त्या उत्तरावाचून त्यांच्या उपचारात काहीही अडणार नव्हते. अनेकदा या प्रश्नामागे “चूक कुणाची?” हा दुसरा प्रश्न असतो. गुन्हेगार शोधल्याशिवाय औषध सुरू करता येणार नाही अशी समजूत करून घेऊन काही कुटुंबे मोलाचे महिने वाया घालवतात.

पहिल्या काही महिन्यांनंतर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, अपेक्षेइतका उतरला नाही. “गोळ्या नियमित घेता ना?” असे विचारले तर “हो” हेच उत्तर येते, म्हणून मी गोळ्यांची डबी कुठे ठेवता असे विचारले. डबीवरचे लेबल त्यांनी नखाने खरवडून काढले होते. गोळ्या वाजू नयेत म्हणून आत कापूस कोंबला होता आणि ती डबी हिवाळी कपड्यांच्या तळाशी ठेवली होती. घरात पाहुणे असले की ते कपाट उघडणे जमत नसे आणि तेवढे दिवस गोळी चुकत असे. औषध त्यांना नको होते असे मुळीच नाही, त्यांना ते घेताना दिसायचे नव्हते. आम्ही गोळीची वेळ बदलून कामाच्या ठिकाणच्या मधल्या सुट्टीवर आणली. मूळ डबीत ओल शोषणारी पुडी असते, त्यामुळे गोळ्या दुसऱ्या डबीत काढून चालतील का हे औषध देणाऱ्याला विचारून घेतले आणि थोड्याच दिवसांपुरत्या गोळ्या सोबत ठेवण्याचे ठरले. पुढच्या तपासणीत विषाणू मोजता येण्याच्या पातळीखाली गेला होता.

नवऱ्याशी बोलणे त्याआधीच झाले होते. त्यापूर्वी मी त्यांना एकांतात विचारले होते की, तो कधी हात उगारतो का, घराबाहेर काढण्याची धमकी देतो का. हे विचारल्याशिवाय कुणालाही “जोडीदाराला सांगा” असा सल्ला देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तसे काही नव्हते. मग पहिले वाक्य काय असेल याची आम्ही माझ्या खोलीत तयारी केली, आणि बोलणेही तिथेच झाले. तो बराच वेळ गप्प राहिला, रागावला, दोन भेटींना आला नाही. तिसऱ्या भेटीला आला तो स्वतःची तपासणी करून. त्याचा अहवाल निगेटिव्ह होता. बायकोचा व्हायरल लोड पुरेसा उतरेपर्यंत कंडोम आणि त्याच्यासाठी प्रेप, म्हणजे संसर्ग टाळण्याची प्रतिबंधक गोळी, अशी योजना डॉक्टरांनी ठरवली. “पण नंतरही धोका राहीलच ना?” असे त्याने विचारले, तेव्हा मी त्याला ‘पार्टनर’ या अभ्यासाविषयी सांगितले. युरोपातील १४ देशांत ८८८ जोडप्यांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एका जोडीदाराला एचआयव्ही होता, त्याचा विषाणू उपचारांनी दबलेला होता आणि कंडोमविना सुमारे ५८,००० वेळा संबंध आले होते. तरी त्या जोडीदाराकडून दुसऱ्याला झालेला एकही संसर्ग आढळला नाही.

त्याच भेटीत तो सहज बोलून गेला की, अहवाल आल्यापासून ती घरात एकच पेला वापरते आणि तो स्वतः धुऊन वेगळा ठेवते. त्यांना कुणीही तसे करायला सांगितले नव्हते. मावशीच्या बाबतीत घरच्यांनी धास्तीने जे केले, ते या स्वतःच स्वतःला करत होत्या. कलंक एकदा आत शिरला की बाहेरच्या कुणाची गरज उरत नाही, म्हणून पुढचे कितीतरी तास आम्ही औषधावर कमी आणि यावरच अधिक बोललो. हे काम अजून चालू आहे. सासूबाईंना त्यांनी सांगितलेले नाही. सांगायचे की नाही हा त्यांचा अधिकार आहे, आणि न सांगितल्याने उपचारात काही उणे पडत नाही.

२०२३ मध्ये एचआयव्हीसह जगणाऱ्यांपैकी सुमारे ५४ लाख लोकांना आपल्याला संसर्ग आहे हे माहीत नव्हते, असा संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाचा अंदाज आहे. त्यांच्यापैकी कितीजणांजवळ असा घड्या घातलेला कागद असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

हाच प्रश्न तुमचा असेल, तर केंद्रात जाण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचारा: नोंद नावाने होते की क्रमांकाने, अहवाल कोणकोण पाहते, आणि अहवाल पॉझिटिव्ह आल्यास उपचार तिथेच सुरू होतात का. उत्तरे तुटक मिळाली तर दुसरे केंद्र पाहा. संसर्गाची शक्यता वाटणारी घटना अलीकडची असेल तर तेही सांगा, कारण प्रतिजन (विषाणूचा अंश) आणि प्रतिपिंडे (शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिने) दोन्ही पाहणारी प्रयोगशाळेतील चाचणीही सुमारे ४५ दिवसांपर्यंत आणि प्रतिपिंडांची झटपट चाचणी ९० दिवसांपर्यंत संसर्ग असूनही निगेटिव्ह येऊ शकते. ती घटना गेल्या ७२ तासांतली असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आत्ताच रुग्णालयात जाऊन पेप, म्हणजे संपर्कानंतर घ्यायची प्रतिबंधक औषधे, मागा. ती जितक्या लवकर सुरू होतील तितका उपयोग अधिक, आणि ७२ तास उलटल्यावर ती सहसा दिली जात नाहीत.