तुझ्या इयरफोनच्या निमित्ताने

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा रात्री वाचलं. इयरफोन अडीच महिन्यांत मुके झाले, वॉरंटी असताना कंपनीने ‘पाणी गेलंय’ म्हणून हात वर केले, आणि त्या रागात तू खरेदीची सगळी अ‍ॅपं मोबाइलवरून उडवलीस. इथवर ठीक. पण शेवटी तू विचारलंयस, ‘काका, कंपन्या मुळातच घातक असतात हे तुम्ही मान्य का करत नाही?’ त्याला फोनवर हो-नाही म्हणून भागणार नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी माझंच सांगतो. तीस वर्षं मी एका मोठ्या कंपनीच्या परचेस खात्यात काढली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यातून आमच्याकडे पितळी बुश यायचे. दोन लेथ, तीन कामगार, आणि मालक स्वतः मशीनवर उभा. त्याचं बिल साठ दिवसांत द्यायचं ठरलेलं. आम्ही ते नव्वदवर नेलं, मग एकशेवीसवर. त्याला छळा, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. वरून एवढंच यायचं की या तिमाहीत पैसे जितके उशिरा बाहेर जातील तितकं बरं. तो दर सोमवारी यायचा आणि रिसेप्शनच्या बाकावर जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसायचा. मी त्याला चहा पाजायचो, अगदी मनापासून पाजायचो, आणि ‘पुढच्या आठवड्यात नक्की बघतो’ म्हणायचो. त्या वर्षी पेमेंट लांबवून दाखवल्याबद्दल आमच्या खात्याचं कौतुक झालं. दिवाळीला बोनसही बरा मिळाला.

यात दुष्ट कोण होतं? मी स्वतःला तसा समजत नाही. माझे साहेब तर दरवर्षी वारीला जाणारे. तरी त्या माणसाने बायकोचे दागिने गहाण टाकले, हे मला पुढे कळलं. कंपनीबद्दल मला जे उमगलंय ते तिथलंच आहे: एका माणसाचं नुकसान ती इतक्या टेबलांवर वाटून टाकते की कुणाच्याच वाट्याला टोचण्याइतकं येत नाही. आणि जिथून हिशेब मागायला कुणी येणार नाही, तिथेच ते जाऊन साचतं.

आता गंमत बघ. लहान उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, हा कायदा 2006 पासून होता. पण तक्रार करायची गाळेवाल्याने, आणि केली की पुढची ऑर्डर गेली. मग 2023 च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात 43बी(एच) हे कलम घुसवलं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळणार नाही, प्रत्यक्ष द्याल तेव्हाच मिळेल. मी तोवर निवृत्त झालो होतो. 2024 च्या मार्चमध्ये जुन्या सहकाऱ्याचा फोन आला की अकाउंट्सवाले सप्लायरांकडे उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मागत फिरतायत. माझ्या चहाने आणि साहेबांच्या वारीने जे झालं नाही ते एका पोटकलमाने केलं. (काहींनी लहानांना सोडून मोठ्या पुरवठादारांकडे जायची पळवाट काढली, तेही खरं.)

भोपाळच्या वायुगळतीचं नाव तू घेतलंयस, आणि ते घ्यायलाच हवं. विषारी वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा 1984 च्या त्या डिसेंबरच्या आधी काही महिन्यांपासून बंद ठेवलेली होती. तडजोड झाली ती 1989 मध्ये, 47 कोटी डॉलरवर. आणि 2010 मध्ये सात अधिकाऱ्यांना शिक्षा झाली, दोन-दोन वर्षांची. हे वाचून कंपनी नावाच्या गोष्टीवरच विश्वास उडाला तर मी तुला नावं ठेवणार नाही. पण कारखान्यावर देखरेख ठेवणारं सरकार आणि शिक्षा ठरवणारा कायदा, हे दोघेही त्या गोष्टीत आहेत. सगळं पाप एकट्या कंपनीच्या माथी मारलं की हे दोघे अलगद सुटतात.

आणि कंपनी नको तर काय? तू लिहिलंयस, सहकार. मीही सहकारावर वाढलेला माणूस आहे. घरात दूध अमूलचं, पापड लिज्जतचे. पण पीएमसी बँक आठव. 2019 च्या सप्टेंबरमध्ये तिच्या खातेदारांना सांगितलं गेलं की खात्यातून फक्त 1000 रुपये काढता येतील. तीही सहकारी बँकच होती. ‘काटामारी’, म्हणजे वजनात मारणं, हा शब्द ऊसवाल्यांच्या तोंडी कसा रुळला, हे एखाद्या शेतकऱ्याला विचार. तो सांगताना खासगी कारखाना आणि सहकारी कारखाना असा भेद करणार नाही. पाटी बदलली म्हणून तराजू सरळ होत नाही.

म्हणून मी ‘मुळातच’ या शब्दाला अडतो. तो खरा की खोटा यावर तू आणि मी रात्रभर भांडू, पण तो मान्य केला की करायला काही उरत नाही. फार तर अ‍ॅपं उडवायची. आणि खरं सांगू? त्या कंपनीला त्याचा पत्ताही लागलेला नाही. एकट्याने केलेला बहिष्कार म्हणजे एकादशी. पुण्य तुला, दुकानदाराला काय त्याचं?

मुंबई ग्राहक पंचायत 1975 मध्ये सुरू झाली, ती नेमकी याच्या उलट टोकापासून. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, घाऊक माल यायचा आणि तो कुणाच्या तरी घरी मोजून वाटून घ्यायचा. आमच्याकडे पाळी असली की हॉलमधला सोफा भिंतीला लागायचा आणि डाळ-साबण-तेलाचे ढीग घरांच्या नावांनी मांडले जायचे. तुझ्या काकूला त्यातलं सगळ्यात काय आवडायचं माहीत आहे? माल वाईट निघाला तर एक बाई तक्रार करायची नाही, सगळा संघ करायचा. दुकानात ‘वहिनी, तुम्हालाच कसे खडे लागतात?’ असं हसण्यावारी नेणारा माणूस तिथे उरत नसे.

आता तुझ्या स्वयंपाकघरात जा आणि बिस्किटाचा मोठा पुडा घे. पाच रुपयांचा नको, तीनशे-चारशे ग्रॅमचा. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात ‘यूएसपी’ दिसेल. माझ्या भाच्याला वाटलं ती पुड्याची खासियत! ती असते ‘युनिट सेल प्राइस’, म्हणजे एका ग्रॅमची किंमत. ठरावीक वजनाचेच पुडे करायचं बंधन 2022 मध्ये उठलं आणि त्याच्या बदल्यात ही किंमत छापायची सक्ती आली. मी एकाच साबणाची वेष्टनं जुन्या डायरीत चिकटवत आलोय. किंमत तशीच आणि वडी बारीक होत गेलेली. बेकायदा काही नाही, वजन स्वच्छ छापलेलं आहे. फक्त ते कुणी वाचणार नाही, हे धरून चाललेलं असतं.

तुझ्या इयरफोनचंही तसंच. ‘पाणी गेलंय’ हे त्यांनी म्हटलं, पण कशावरून? सर्व्हिस सेंटरने उघडून पाहिल्याचा कागद दिला का? फोटो दिला का? नसेल, तर पहिली मागणी तीच, आणि ती लेखी. फोनवर बोललेलं हवेत जातं. पंधरा दिवसांची मुदत दे. उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद कर. तिथेही काही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तू राहतेस तिथे तक्रार लावता येते, कंपनीचं ऑफिस कुठल्या का गावात असेना. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे.

दोन हजारांच्या वस्तूसाठी एवढं करायचं का, असं तू म्हणशील. वेळ जाईल, तारखा पडतील, आयोगाच्या बाहेरच्या बाकांवर बसून कंटाळा येईल, हे मी लपवत नाही. पण तुझी नोटीस पोचली की त्या कंपनीत कुणाच्या तरी टेबलावर तुझ्या नावाची फाइल उघडावी लागते. मी अशा टेबलामागे बसलेलो आहे. बाकावरच्या माणसाला चहा पाजून घरी पाठवता येतं, इनवर्ड नंबर पडलेल्या कागदाला नाही.

नोटिशीचा मसुदा सोबत जोडलाय. बिलाची तारीख आणि सिरियल नंबर तेवढा भर आणि शनिवारी अकरानंतर ये, आपण एकदा वाचून घेऊ. इयरफोनचा खोका टाकून दिला नाहीस ना? माल बाहेरून आलेला असेल तर आयातदाराचा पत्ता त्या खोक्यावरच असतो.

तुझा,
काका