आधी पापणी उलटून बघ

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. दोन गोष्टी विचारल्यास. पुढं मेंदूवरच काम करायचं तर सुरुवात कुठून करावी? आणि लातूरला नीटची तयारी करणाऱ्या धाकट्यासाठी डोक्याला बांधायचा तो 'स्मरणशक्ती वाढवणारा' करंटचा पट्टा घ्यावा का? पट्टा घेऊ नकोस. पण नुसत्या 'नको'वर तू ऐकणारी नाहीस, आणि ऐकूही नयेस. का नको ते कळलं की पहिल्या प्रश्नाचंही बरंचसं उत्तर हाती लागेल.

आठवण पेशींमध्ये कशी टिकते, ते आधी पक्कं कर. १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसकडे, म्हणजे आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागाकडे, जाणाऱ्या तंतूंना काही सेकंद विजेचे भराभर ठोके दिले. त्यानंतर कित्येक तास तिथल्या पेशी-पेशींमधल्या जोडण्या पहिल्यापेक्षा जोरात प्रतिसाद देत राहिल्या. या घडामोडीत एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणाऱ्या पेशीवरचं एक दार, मोक्याच्या जागी बसलेला असतो. त्याच्या वाटेत मॅग्नेशियमचा आयन अडकलेला असतो. नुसतं ग्लुटामेट, म्हणजे पहिल्या पेशीनं सोडलेलं निरोपाचं रसायन, आलं तर वाट मोकळी होत नाही. निरोप घेणारी पेशी त्याच वेळी उद्दीपित असेल तरच मॅग्नेशियम बाजूला होतं, कॅल्शियम आत शिरतं आणि जोडणी बळकट होते. हे सगळं तू परीक्षेपुरतं पाठ केलं असशील. आता मार्कांचा विचार बाजूला ठेवून सावकाश वाच, कारण मेंदूवर बाहेरून केलेला कुठलाही उपाय शेवटी या पेशींच्या चालू कामावरच जाऊन पडतो.

त्या पट्ट्यातून एक ते दोन मिलिॲम्पिअर करंट जातो, साधारण वीस मिनिटं. त्यातला बराचसा कातडीतून आणि कवटीवरूनच निघून जातो. जो थोडा आत पोचतो तो पेशीला पेटवत नाही, पेटण्याच्या जरा जवळ नेतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर तो रानाला फार तर वाफसा आणतो. पेरणी त्याच्या हातात नाही. धाकटा पट्टा बांधून मोबाईल बघत बसला तर त्या वाफशाचा त्याच्या अभ्यासाला काय उपयोग? शिवाय कवटीची जाडी, मेंदूच्या घड्यांची ठेवण, त्या वेळी मेंदू काय करतोय, हे सगळं माणसागणिक वेगळं असतं. म्हणून निरोगी लोकांवरच्या प्रयोगांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. स्पंज नीट ओला नसेल तर कातडी भाजते, ते वेगळंच.

चुंबकीय उद्दीपन, म्हणजे कवटीबाहेरून चुंबकाच्या ठोक्यांनी मेंदूतल्या पेशी चेतवणं, मात्र जरूर बघून ये. १९८५ मध्ये शेफील्डला अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी ते माणसावर करून दाखवलं. बघायला गेलीस की मशीन सोड, रुग्णाच्या अंगठ्यावर नजर ठेव. इंग्रजी आठच्या आकाराची कॉइल (तारेचं वेटोळं) डोक्याच्या डाव्या बाजूला टेकवतात, 'टक्' असा आवाज होतो आणि उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडतो. रुग्ण आपल्याच अंगठ्याकडे बघत राहतो. मग जोर कमी करत करत अशी पातळी शोधतात, की दहा ठोक्यांपैकी पाच वेळा अंगठा हलेल. त्यावरून त्या माणसाची मात्रा ठरते. नैराश्यासाठी कॉइल पुढं कपाळाच्या दिशेनं सरकवतात, पण तिथं ठोका दिल्यावर बघणाऱ्याला कुठलीच हालचाल दिसत नाही, म्हणून जोर ठरतो तो अंगठ्यावरून! मनाच्या आजाराची मात्रा अंगठ्यावरून ठरवावी लागते, यात या शास्त्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही आहेत. अमेरिकेत २००८ साली नैराश्यासाठी याला मान्यता मिळाली. हा आजारावरचा उपचार आहे, मार्कांसाठी नाही.

शॉकविषयीही, म्हणजे मेंदूला वीज देऊन करायच्या मानसोपचाराविषयीही, नीट शिकून घे. गावाकडचे नातेवाईक 'शॉक' म्हटलं की हबकतात. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ते देण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदी आहे. अन्नपाणी सोडलेल्या, जीव द्यायला निघालेल्या रुग्णाला त्यानं किती लवकर उतार पडू शकतो, हे तुला त्यांच्या शेजारी बसून सांगता आलं पाहिजे.

आता तुझ्या मनातल्या कामाकडे येतो. मराठवाड्यातच राहायचं, असं तूच लिहिलंस. मग बीड, धारूर, केजच्या ऊसतोड टोळ्यांतली लेकरं बघ. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर जातात, वर्ग सुटतो, जेवणाचा मेळ राहत नाही. एखाद्या लेकराची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघ. लाल दिसायला हवी तिथं फिकट, पांढुरकी दिसली, तर मेंदूचाच प्रश्न समोर आहे असं समज. डोपामिन हे मेंदूतलं निरोपाचं रसायन तयार करणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या एन्झाइमला लोह लागतं. मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण चढवणाऱ्या पेशींनाही लागतं. रक्तक्षय असलेल्या शाळकरी मुलांना लोह दिलं की लक्ष सुधारतं, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. पण पहिल्या दोन वर्षांतली कमतरता पुढं गोळ्यांनी पूर्ण भरून निघेलच असं नाही. म्हणून गरोदर बाईपासूनच सुरुवात करावी लागते.

शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी मिळते. मळमळतं, शौचाला काळी होते, म्हणून लेकरं घाबरून ती टाळतात. जेवणानंतर घ्यायची, वरून लिंबू, आणि आगेमागे चहा नाही, एवढं कुणी समजावून सांगितलं तरी बराच फरक पडतो. मेंदूवर काम करायचं म्हणजे कॉइलच हातात धरायची, असं मला वाटत नाही. तू दोन्ही कर. पण सुट्टीत एका शाळेत बसून मुलांचं हिमोग्लोबिन आणि लक्षाची साधी चाचणी एकत्र नोंदवायला सुरुवात कर. आराखडा बसवायला मी मदत करेन.

धाकट्याचं म्हणशील तर, रात्री एक वाजता अभ्यासिकेतून उठून तो चहाच्या टपरीवर जातो असं तू लिहिलंस. दिवसभरात मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचतं आणि झोप येते. चहातलं कॅफिन त्याच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं. झोपेची गरज तशीच राहते, फक्त ती जाणवत नाही. आणि दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम गाढ झोपेतच होतं. उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये जागेपणी वाट चालताना चेतलेल्या पेशी झोपेत पुन्हा चेततात, हे १९९४ मध्येच नोंदलं गेलंय. त्याला अकराला झोपू दे, आणि सकाळी पुस्तक मिटून आठवून लिहायला सांग.

पट्ट्यासाठी जमवलेल्या पैशातून आधी त्याचं हिमोग्लोबिन तपासून घे. मेसचं जेवण आणि जेवणावर लगेच चहा, हे ऐकून मला त्यालाही लोह कमी पडत असल्याची शंका आहे. रिपोर्ट आला की फोटो पाठव.

तुझा,
सर